बाहुला परत आला, लक्ष्या नाही!

मित्रमैत्रिणींनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत माझा आणि मराठीचा संबंध शाळेतल्या एका विषयापुरता आणि दारव्ह्याच्या आजीच्या घरापुरता. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर मोठ्या मनाने माफ करा. दुसरी कबुली अशी की हा लेख मी थोड्या अपराधी मनाने लिहीत आहे. कारण यंदाच्या गॅदरिंगमध्ये आम्ही चक्क एका माणसाला जिवंत केलं होतं. लक्ष्याला! म्हणजे आपल्या सगळ्यांच्या लाडक्या लक्ष्मीकांत बेर्डेंना.

झालं असं की आमच्या कॉम्प्युटर शाखेला एक स्किट बसवायचं होतं. कुणीतरी सुचवलं की सूत्रसंचालन लक्ष्याच्या आवाजात करू. आम्ही तिघा-चौघांनी रात्र जागून त्याच्या सिनेमांतले आवाजाचे तुकडे जमवले, ते एका सॉफ्टवेअरला खाऊ घातले, आणि काय सांगू, पहाटे लॅपटॉपमधून लक्ष्या आमच्या कॉलेजचं नाव घेऊन बोलायला लागला. गॅदरिंगला टाळ्यांचा पाऊस पडला. शिट्ट्या तर विचारूच नका. सर लोकांनीही पाठ थोपटली. आम्ही हवेतच!

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसमध्ये पोह्यांच्या रांगेत उभी होते. आमच्या मेसच्या काकूही आदल्या रात्री कार्यक्रम बघायला मागे उभ्या होत्या. मी मोठ्या उत्साहाने त्यांना विचारलं की कसा वाटला आमचा लक्ष्या? काकू पोहे वाढता वाढता म्हणाल्या की आवाज तर बाप्पा तोच होता, पण हा पोरगा घाबरत कसा नाही? लक्ष्या तर घाबरायचा.

बस्स, एवढंच बोलून त्या पुढच्या ताटाकडे वळल्या. माझा मात्र घास घशात अडकला. कारण काकूंनी दोन वाक्यांत आमच्या प्रोजेक्टचा निकाल लावला होता. त्या दिवसापासून मी लक्ष्याबद्दल मिळेल ते वाचायला आणि बघायला लागले. त्यातून जे कळलं ते तुमच्यापुढे मांडते.

लक्ष्मीकांत बेर्डे यांचा जन्म १९५४ साली मुंबईत झाला. बालपण गिरगावातलं. गिरगाव म्हणजे चाळी आणि चाळींचा गणेशोत्सव. त्या काळी टीव्ही घरोघरी नव्हते, त्यामुळे गणपतीपुढे होणारी नाटुकली, नकला, गाणी हीच करमणूक. आपल्याकडे गावात जशी दहा दिवस धमाल असते तशीच, फक्त तिथे जागा कमी आणि माणसं जास्त! त्या गणपतीपुढच्या तात्पुरत्या स्टेजवर छोट्या लक्ष्मीकांतला नाटकाची गोडी लागली. पुढे शाळा-कॉलेजच्या नाट्यस्पर्धांमधून त्याने बक्षिसंही मिळवली. म्हणजे मित्रांनो, तोही आपल्यासारखाच, गॅदरिंगमधून घडलेला मुलगा होता.

पण बक्षिसांवर पोट भरत नाही. त्याने मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी धरली. ही संस्था गिरगावातच आहे, तिचं स्वतःचं नाट्यगृह आहे. बाहेरच्या जगासाठी तो तिथला एक कर्मचारी होता, पण मन रंगमंचावर. मिळेल ती छोटी भूमिका करायची आणि पुन्हा कामाला लागायचं, अशी त्याची कितीतरी वर्षं गेली. आपण तिसऱ्या वर्षालाच प्लेसमेंटच्या काळजीने अर्धे होतो. लक्ष्याचं पहिलं मोठं यश आलं तेव्हा तो तिशीला टेकला होता, हे वाचून मला तरी जरा धीर आला.

ते यश म्हणजे पुरुषोत्तम बेर्डे यांचं 'टूरटूर' हे नाटक. साल साधारण १९८३. या नाटकात तरुण मुलांची फौजच होती. प्रशांत दामले यांची सुरुवातही याच नाटकातली. नाटक तुफान चाललं आणि लक्ष्मीकांत बेर्डे हे नाव लोकांच्या तोंडी बसलं. त्याचं टायमिंग, एका वाक्यात तीनदा बदलणारा चेहरा आणि धांदरटपणा प्रेक्षकांना वेड लावून गेला. पुढे 'शांतेचं कार्टं चालू आहे' सारख्या नाटकांनी त्याने हाऊसफुल्लचे बोर्ड लावले.

सिनेमात तो १९८४ च्या 'लेक चालली सासरला' मधून दिसला. आणि १९८५ साली आला 'धूमधडाका'. महेश कोठारे यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला चित्रपट. अशोक सराफ तेव्हा आधीच मोठे होते. त्यांच्यासमोर भले भले झाकोळून जायचे, पण लक्ष्या नाही झाकोळला. उलट दोघांची जोडीच जमली. १९८८ साली सचिन पिळगावकरांचा 'अशी ही बनवाबनवी' आला आणि लक्ष्याने त्यात साडी नेसून जी काही धमाल केली, ती आजही आमच्या होस्टेलच्या टीव्ही हॉलमध्ये सुरू झाली की परीक्षेच्या आदल्या रात्रीसुद्धा कुणी उठत नाही. रेक्टर मॅडमही दारात उभ्या राहून बघतात आणि मग रागवायचं विसरतात!

पुढच्या काळात तो हिंदीतही गेला. १९८९ च्या 'मैंने प्यार किया' मध्ये, १९९१ च्या 'साजन' मध्ये, १९९२ च्या 'बेटा' मध्ये आणि १९९४ च्या 'हम आपके हैं कौन' मध्ये तो आहे. देशभर लोक त्याला ओळखू लागले. पण हिंदीने त्याला बहुतेक वेळा नोकर किंवा हिरोचा मित्र यापुढे नेलं नाही. मराठीत ज्याच्या नावावर थिएटर भरायचं, तो माणूस तिथे ट्रे घेऊन उभा असायचा. त्याने तीही कामं मन लावून केली, हे त्याचं मोठेपण.

१९९२ साली त्याने एक वेगळाच चित्रपट केला, 'एक होता विदूषक'. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल आणि लेखन साक्षात पु. ल. देशपांडे यांचं! तमाशातला एक सोंगाड्या सिनेमाचा स्टार होतो, राजकारणात ओढला जातो, आणि दुसऱ्यांना हसवता हसवता स्वतःचं हसू हरवून बसतो, अशी ती कथा. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण लक्ष्याला गंभीर झालेलं बघायला प्रेक्षक म्हणावे तसे आले नाहीत. लोकांनी जणू ठरवूनच टाकलं होतं की लक्ष्याने फक्त हसवायचं. ज्यांनी हा सिनेमा बघितला नाही त्यांनी एकदा जरूर बघावा. मी लॅपटॉपवर बघितला आणि रूममेट झोपल्यावर गुपचूप रडले.

आता येऊ मुख्य मुद्द्याकडे. म्हणजे काकूंच्या त्या घाबरण्याकडे.

महेश कोठारे यांच्या चित्रपटांत खलनायक नेहमी भन्नाट असायचे. १९८९ च्या 'थरथराट' मध्ये टकल्या हैवान, १९९० च्या 'धडाकेबाज' मध्ये कवट्या महाकाळ. या 'धडाकेबाज' मध्ये तर लक्ष्याचा डबल रोल होता. एक नेहमीचा लक्ष्या आणि दुसरा बाटलीत मावेल एवढा! आणि मग १९९३ साली आला 'झपाटलेला'.

गोष्ट तुम्हाला माहीतच आहे, तरी थोडक्यात सांगते. तात्या विंचू नावाचा अट्टल गुन्हेगार एका मांत्रिकाकडून आत्मा दुसरीकडे घालण्याचा मंत्र मिळवतो. पोलिसांच्या गोळीने मरता मरता तो आपला जीव एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला येतो लक्ष्याच्या हातात. लक्ष्या या सिनेमात शब्दभ्रमकार आहे, म्हणजे बाहुल्याला बोलतं करणं हा त्याचा छंद. पण हा बाहुला स्वतःच बोलतो! आणि कायमचं बाहुला होऊन राहायचं नसेल तर त्याला लक्ष्याच्याच शरीरात शिरावं लागणार असतं.

मुळात ही कल्पना अमेरिकेतली. १९८८ साली तिकडे 'चाइल्ड्स प्ले' नावाचा चित्रपट आला होता. त्यात चकी नावाचा बाहुला असाच झपाटलेला असतो. कोठारेंनी त्यावरून प्रेरणा घेतली, पण बाहुला आपल्याकडच्या मातीतला केला. तो बनवला आणि हलवला प्रसिद्ध शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी. अर्धवटरावांना घराघरात नेणारे तेच पाध्ये. तात्या विंचूचा आवाज दिलीप प्रभावळकर यांचा. म्हणजे एकाची कारागिरी, दुसऱ्याचा आवाज.

पण मी आता हा सिनेमा एका वेगळ्या पद्धतीने बघितला. जिथे जिथे बाहुला दिसतो तिथे पॉज करून बघितलं. मित्रांनो, पॉज केल्यावर तो बाहुला अजिबात भीतिदायक नाही हो! रंगवलेला चेहरा आणि कपडे, एवढंच. जत्रेत मिळतो तसा. मग आपण लहानपणी चादर डोक्यावर घेऊन का बसायचो? पुन्हा प्ले केलं आणि उत्तर सापडलं. आपण बाहुल्याकडे बघून घाबरत नव्हतो, आपण लक्ष्याकडे बघून घाबरत होतो. बाहुला बोलला की लक्ष्याचे डोळे मोठे होतात, घशातून आवाज फुटत नाही, हात लटपटतात. त्या लाकडाच्या तुकड्यात जीव आहे हे आपल्याला पटतं, कारण लक्ष्याला ते पटलेलं असतं. आणि गंमत म्हणजे त्याच क्षणी आपल्याला हसूही येतं. एकाच चेहऱ्यावर भीती आणि हसू दोन्ही आणणं, हे काम किती कठीण आहे याचा अंदाज मला आमचं स्किट बसवतानाच आला होता.

मंत्र तात्या विंचूने म्हटला असेल, पण बाहुल्यात जीव ओतला तो लक्ष्याने!

'झपाटलेला' प्रचंड चालला. पुढे तो हिंदीत डब होऊन 'खिलौना बना खलनायक' या नावाने बाहेरही गेला. माझ्या बाबांनी तो शाळेत असताना मित्रांबरोबर बघितला होता. घरी परतताना शेताच्या रस्त्याने अंधारात सायकल चालवायची कुणाची हिंमत होईना, म्हणून सगळे हातात सायकली धरून एकमेकांना चिकटून चालत आले, असं ते आजही रंगवून सांगतात.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मात्र लक्ष्याच्या आयुष्यात दुःखाचे दिवस आले. पत्नी रुही बेर्डे, ज्या स्वतःही अभिनेत्री होत्या, त्यांचं १९९८ साली निधन झालं. अभिनेत्री प्रिया बेर्डे यांच्याशी त्याचा संसार झाला, अभिनय आणि स्वानंदी ही दोन मुलं झाली. पण तब्येत साथ देईना. मूत्रपिंडाच्या विकाराने त्याला गाठलं होतं. १६ डिसेंबर २००४ रोजी मुंबईत लक्ष्मीकांत बेर्डे यांची प्राणज्योत मालवली. वय अवघं ५०. मुलं लहान होती. महाराष्ट्राला दोन दशकं पोट धरून हसवणारा माणूस सगळ्यांना रडवून गेला.

माझा जन्म २००५ चा. म्हणजे ज्या जगात लक्ष्या होता त्या जगात मी एक दिवसही नव्हते. पण हे मला माहीतच नव्हतं! आजीकडे दुपारी टीव्ही लावला की लक्ष्या असायचाच. माझ्यासाठी तो शेजारचा काका होता, जो कधीही येऊ शकतो. मराठी बोलायला मी त्याच्याकडूनच शिकले म्हणा ना.

मग २०१३ साली, मी आठ वर्षांची असताना, 'झपाटलेला २' आला. पहिल्या भागानंतर तब्बल वीस वर्षांनी, आणि तोही थ्रीडी! उन्हाळ्याच्या सुट्टीत मी नागपूरला मामाकडे होते. मामाने आम्हा सगळ्या भाचरांना सिनेमाला नेलं. डोळ्यांवर तो काळा चष्मा चढवला. तात्या विंचू परत आला होता. आवाज पुन्हा प्रभावळकरांचाच. आता तो लक्ष्याच्या मुलाच्या, आदित्यच्या मागे लागतो. ती भूमिका आदिनाथ कोठारेने केली. हा तोच आदिनाथ, जो लहानपणी 'माझा छकुला' मध्ये होता. थ्रीडीत बाहुला अंगावर आला की आम्ही किंचाळत होतो. पण मला सारखं वाटत होतं की आता लक्ष्या येईल. मध्यंतर झालं, पॉपकॉर्न संपला, सिनेमा संपला, लक्ष्या आला नाही. घरी आल्यावर मी आईला फोन करून विचारलं की लक्ष्या काहून नव्हता? आई जरा वेळ गप्प राहिली आणि मग तिने सांगितलं की बाळा, तो तू जन्मायच्या आधीच गेला. त्या दिवशी मी इतकी रडले की मामाला वाटलं मी बाहुल्याला घाबरले.

मोठी झाल्यावर होस्टेलच्या कृपेने इंग्रजी स्लॅशर सिनेमे भरपूर बघितले. रात्री दिवे बंद करून आठ जणी एका लॅपटॉपसमोर! तिकडे एक गंमत आहे. १९७८ चा 'हॅलोवीन', १९८० चा 'फ्रायडे द थर्टीन्थ', १९८४ चा 'नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट', या सगळ्यांचे भागांवर भाग निघाले. 'हॅलोवीन'चे तर २०२२ पर्यंत तेरा झाले. जेसनला तर एका भागात अंतराळातसुद्धा पाठवलं! चकीचा पाचवा भाग नोव्हेंबर २००४ मध्ये आला, म्हणजे लक्ष्या जाण्याच्या महिनाभर आधी. आणि सहावा २०१३ मध्येच, आपल्या तात्या विंचूच्या वर्षी. या सगळ्यांत नियम साधारण एकच असतो. मारणारा तोच, मरणारे दरवेळी नवे. मुखवटा टिकला की धंदा टिकला. घाबरणारी माणसं कोण होती, हे बहुतेकदा कुणी लक्षात ठेवत नाही.

पण २०१८ मध्ये 'हॅलोवीन'चा जो भाग आला तो मला वेगळा वाटला. त्यात चाळीस वर्षांपूर्वी पहिल्या भागात घाबरलेली मुलगी, म्हणजे जेमी ली कर्टिस, साठीच्या घरात परत आली होती. तिच्या चेहऱ्यावर ती चाळीस वर्षं दिसत होती. मुखवटा तोच जुना, पण या वेळी भीती खरी वाटली, कारण जिने ती पहिल्यांदा भोगली तीच समोर उभी होती. लोकांनी तो भाग डोक्यावर घेतला. तिकडच्या लोकांनाही शेवटी कळलंच की नुसता मुखवटा पुरत नाही.

आपल्याला मात्र ते पहिल्यापासून माहीत होतं. तात्या विंचू कितीही आवडता असला तरी आपली माणसं विचारतात ते लक्ष्याचं. फरक एवढाच की ती परत येऊ शकली आणि आपला लक्ष्या नाही येऊ शकला.

आणि इथेच आपल्यासारख्या इंजिनिअरिंगवाल्यांचा प्रश्न सुरू होतो. 'झपाटलेला'च्या तिसऱ्या भागाच्या बातम्या आल्या, तेव्हा त्यात लक्ष्याला एआयच्या मदतीने पुन्हा पडद्यावर आणण्याचा विचार असल्याचंही छापून आलं. वाचून मला आनंद झाला आणि पोटात गोळाही आला. कारण थोड्या प्रमाणात का होईना, तेच पाप मी स्वतः करून बसले होते. नीट विचार केला तर आम्ही वेगळं काय केलं? मेलेल्या माणसाचा आवाज एका निर्जीव वस्तूत घातला. मंत्राऐवजी कोड वापरला, एवढंच! तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही की त्याच्या घरच्यांनी हा आवाज अचानक ऐकला तर त्यांना काय वाटेल. मुलगा अभिनय बेर्डे स्वतः २०१७ पासून सिनेमात काम करतो आहे. त्याला तो आवाज बाबांचा म्हणून आठवत असणार, आणि आमच्यासाठी ती एक ऑडिओ फाईल होती.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. असेन तर चौथ्या वर्षाला काय करू? 'धडाकेबाज'मधला बाटलीतला लक्ष्या हीसुद्धा त्या काळची तांत्रिक करामतच होती. पण तेव्हा बाटलीच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे घाम गाळणारा माणूस एकच होता. आमच्या लॅपटॉपमधल्या लक्ष्याला घाम येत नव्हता. त्याला आपण चुकू, लोक हसणार नाहीत, ही धाकधूक नव्हती. साहित्य संघातल्या नोकरीची वर्षं त्याच्यामागे नव्हती. आवाजाची नक्कल करायला आम्हाला एक रात्र पुरली, पण तो चेहरा घडायला गिरगावच्या गणपतीपासून तीस वर्षं लागली होती. काकूंना हे एकदा ऐकून कळलं, आम्हाला चार सेमिस्टर शिकूनही कळलं नव्हतं.

ती फाईल मी डिलीट केली आहे. मित्र जरा चिडले, पुढच्या गॅदरिंगला लागली असती म्हणाले. पुढच्या वर्षी आम्ही स्किटमध्ये एका खऱ्याखुऱ्या मुलालाच लक्ष्या करणार आहोत. सेकंड इयरचा आहे, स्टेजवर जायच्या आधी थरथर कापतो. मला वाटतं तोच योग्य आहे!

असो. लेख लांबला. पुढच्या वेळी टीव्ही हॉलमध्ये 'झपाटलेला' लागला तर एक करा. बाहुला बोलायला लागला की त्याच्याकडे बघू नका, लक्ष्याकडे बघा. या हरहुन्नरी कलावंताला माझ्या मोडक्यातोडक्या मराठीतून ही आदरांजली.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी, मुलींचे वसतिगृह